मूनस्पेल : एक ब्लॅक मेटल बँड गॉथिक कसा झाला

पोर्तुगालच्या मूनस्पेल या बँडचा 'अंडर द मूनस्पेल' हा छोटेखानी ध्वनिसंग्रह १९९४मध्ये निघाला आणि 'इररिलिजस' हा अल्बम १९९६मध्ये. ही दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली, तर दोन्हींत गाणारा माणूस एकच आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. पहिल्यात बहुतेक लॅटिन शीर्षकांची, एकमेकांत मिसळत जाणारी लांबलचक रचना आहे आणि गायक बहुतेक वेळ किंचाळतो किंवा गुरगुरतो. दुसऱ्यात तीन मिनिटांच्याही आत संपणारे 'ओपियम'सारखे गाणे आहे, ज्याचे ध्रुवपद एकदा ऐकल्यावर डोक्यातून जात नाही आणि ज्यात तोच गायक खर्जात, जवळजवळ कुजबुजत गातो. अवघ्या दोन वर्षांत झालेला हा बदल कशामुळे झाला, त्यात जुने किती टिकले आणि पुढे त्याचे काय झाले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

ब्लॅक मेटलमधून, म्हणजे किंचाळत्या आवाजाच्या, वेगवान आणि सैतानी प्रतिमांच्या मेटलमधून, गॉथिककडे, म्हणजे संथ, उदास, खर्जातल्या गायनाच्या संगीताकडे गेलेले बँड आणखीही आहेत. मूनस्पेल निवडण्याचे कारण असे की, या बँडच्या बाबतीत बदलाचे सर्व टप्पे ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहेत आणि बँडने स्वतःच नंतर दोन वेळा आपल्या जुन्या रूपाकडे वळून, त्याच्याशी हिशेब केल्याचा पुरावाही आहे.

ब्रांदोआमधील सुरुवात

लिस्बनला लागून असलेल्या आमादोरा शहरातील ब्रांदोआ या उपनगरात १९८९मध्ये काही शाळकरी मुलांनी 'मॉर्बिड गॉड' नावाचा बँड काढला. त्यांत गायक फेर्नांदो रिबेरो आणि बास वाजवणारा, 'आरेस' हे टोपणनाव घेतलेला त्याचा मित्र हे दोघे होते. रिबेरोचा जन्म ऑगस्ट १९७४चा, म्हणजे पोर्तुगालमधील हुकूमशाही उलथवणाऱ्या २५ एप्रिलच्या क्रांतीनंतर चार महिन्यांनी झालेला. मॉर्बिड गॉडच्या नावावर 'सर्पंट एंजल' हे एक गाणे जमा झाले, आणि १९९२मध्ये बँडने मूनस्पेल हे नाव घेतले. १९९३च्या 'आनो सातानाए' या डेमो कॅसेटवर बाथरी आणि सेल्टिक फ्रॉस्ट या आधीच्या पिढीतील बँडची छाप स्पष्ट ऐकू येते. रिवाजाप्रमाणे सर्वांनी टोपणनावे घेतली होती. रिबेरो 'लांगसुयार' झाला, जे मलाय लोककथांतील रक्त पिणाऱ्या स्त्रीपिशाच्चाचे नाव आहे. नॉर्वेतील बहुतेक मंडळी नावांसाठी आपल्याच पुराणकथांत किंवा टॉल्किनच्या कादंबऱ्यांत शिरत असताना, या मुलाने आग्नेय आशियातील भूत शोधून काढावे, ही गोष्ट लहान असली तरी पुढील वाटचालीच्या संदर्भात दुर्लक्षिण्याजोगी नाही.

त्या काळात ब्लॅक मेटल म्हटले की नॉर्वे हे समीकरण पक्के झाले होते. १९९२पासून तेथे चर्च जाळण्याचे प्रकार घडले, ऑगस्ट १९९३मध्ये मेहेम बँडच्या गिटारवादकाचा खून झाला, आणि बर्फ, पाइनची अरण्ये व ख्रिस्तपूर्व नॉर्स देवता ही त्या संगीताची ठरलेली चित्रसृष्टी बनली. आमादोरामध्ये बर्फ पडत नाही. उत्तरेकडील बँडची हुबेहूब नक्कल करायची, की आपल्या भूमीचे काही शोधायचे, हा प्रश्न दक्षिण युरोपातील प्रत्येक ब्लॅक मेटल बँडपुढे होता, आणि ग्रीसच्या रॉटिंग क्राइस्टप्रमाणेच मूनस्पेलने त्याचे उत्तर लवकर दिले.

ते उत्तर 'अंडर द मूनस्पेल'मध्ये आहे. फ्रान्समधील आदिपोसेर या छोट्या कंपनीने काढलेल्या या सहा भागांच्या संग्रहात ब्लॅक मेटलच्या जोडीला अरबी वळणाचे सूर, स्त्रीस्वर आणि ध्वनिक गिटारच्या शांत जागा आहेत. इबेरियन द्वीपकल्पावर अनेक शतके मुस्लिम राजवटी होत्या आणि आजच्या लिस्बनच्या अल्फामा या भागाचे नावही अरबीतून आलेले आहे. तेव्हा त्या सुरांना विदेशी शोभा म्हणता येणार नाही, ते त्या भूमीच्याच आठवणीतील आहेत. संग्रहाच्या अखेरच्या भागाचे पोर्तुगीज शीर्षक लुसितानियाला, म्हणजे रोमन काळातील त्या प्रांताला, रडण्याचे आवाहन करते. शोकाचा हा सूर पुढे गॉथिक म्हणून ओळखला गेला. तो ब्लॅक मेटलच्या काळातच बँडमध्ये आला होता.

'वुल्फहार्ट' : दोन्ही दगडांवर पाय

सेंच्युरी मीडिया या जर्मन कंपनीने बँडला करारबद्ध केले आणि पहिला पूर्ण अल्बम जर्मनीतील वुडहाउस स्टुडिओत, वाल्डेमार सोरिख्ता या निर्मात्याच्या हाताखाली ध्वनिमुद्रित झाला. कंपनीचा संस्थापक रॉबर्ट काम्फ आणि सोरिख्ता हे दोघे पूर्वी डिस्पेअर नावाच्या एकाच बँडमध्ये होते. त्यामुळे कंपनी आणि स्टुडिओ यांचे संबंध केवळ व्यावसायिक नव्हते आणि कंपनीचे नवे बँड एकामागून एक सोरिख्ताकडे येत होते. १९९४मध्ये स्वीडनच्या टियामाटचा 'वाइल्डहनी' आणि स्वित्झर्लंडच्या समाएलचा 'सेरेमनी ऑफ ऑपोझिट्स' हे अल्बम त्याच्याच हातून घडले होते, आणि १९९५मध्ये नेदरलँड्सच्या द गॅदरिंगचा 'मॅन्डिलियन' आला. या सर्व बँडची सुरुवात टोकाच्या मेटलमधून झाली होती आणि सर्वांनाच मोकळी हवा हवी होती. सोरिख्ताची हातोटी अशी की, तो गिटारचा जडपणा कमी न करता तिच्याभोवती जागा निर्माण करी आणि त्या जागेत कीबोर्ड व आवाज स्पष्ट ऐकू येत.

१९९५चा 'वुल्फहार्ट' हा अल्बम नेमका कोणत्या प्रकारचा, हे ठरवणे अवघड आहे आणि त्याची गोडीही त्यातच आहे. 'व्हॅम्पिरिया' या गाण्यात रिबेरो सुरुवातीला गात नाही, तो बोलतो. आवाज घशाच्या तळातून, संथ, एखाद्या जुन्या नाटकातील खलपुरुषासारखा येतो आणि मग काहीही पूर्वसूचना न देता गुरगुराटात उसळतो. 'ट्रेबारुना' हे गाणे लुसितानियन देवतेच्या नावाने रचलेले, नाचता येईल अशा लोकधुनेच्या ठेक्यावरचे आहे. 'लुआ दिन्व्हेर्नु' ही छोटी ध्वनिक गिटारची रचना आहे. शेवटी येणारे 'आल्मा मातेर' मात्र ब्लॅक मेटलच्या वेगाने धावते, आणि तरीही मैफलीत प्रेक्षक ते एका सुरात गातात, इतके त्याचे ध्रुवपद ठसठशीत आहे.

'आल्मा मातेर'विषयी जरा थांबून बोलणे आवश्यक आहे. त्यातील पोर्तुगीज ओळींत जगाकडे पाठ फिरवून 'अभिमानाने एकटे' राहण्याचा शब्दप्रयोग येतो, आणि तो पोर्तुगीज माणसाच्या कानाला अनोळखी असूच शकत नाही. कारण १९६५मध्ये हुकूमशहा सालाझारने आपल्या वसाहतविषयक धोरणाचे समर्थन करताना तोच वापरला होता. गोवा १९६१च्या डिसेंबरमध्ये हातचा गेला होता, आफ्रिकेत युद्ध पेटले होते, आणि जगाने टीका केली तरी आम्ही मागे हटणार नाही, असा त्याचा आशय होता. गोव्याच्या मुक्तिलढ्याची आठवण असलेल्या वाचकाला हे गाणे म्हणूनच निव्वळ लांडग्यांचे आणि मातृभूमीचे गाणे म्हणून ऐकता येणार नाही. क्रांतीनंतर जन्मलेल्या मुलांनी हुकूमशहाचे शब्द उचलले, ते गतवैभवाच्या ओढीने की मेटलमध्ये एकटे पडलेल्या देशाच्या स्वतःवरच्या टोमण्याने, याचे उत्तर गाणे देत नाही. मला स्वतःला ते अपरिपक्व धिटाईचे वाटते. पण एवढे खरे की, ब्लॅक मेटलमधील 'आपली भूमी, आपले पूर्वज' हा विषय त्यांनी नॉर्वेकडून घेतला आणि तो आपल्या इतिहासाच्या सर्वांत अवघड जागी आणून ठेवला.

या अल्बमनंतर बँडने मॉर्बिड एंजल आणि इम्मॉर्टल यांच्याबरोबर युरोपचा दौरा केला. एक अमेरिकी डेथ मेटल बँड, एक नॉर्वेजियन ब्लॅक मेटल बँड, आणि त्यांच्याआधी मंचावर येणारे हे पोर्तुगीज. अशा श्रोत्यांसमोर कुजबुजत गाण्यासाठी हिंमत लागते.

'इररिलिजस'मध्ये नेमके काय बदलले

बदलाची चर्चा करताना 'आवाज मवाळ झाला' असे ढोबळ विधान करण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि त्या एकमेकींना पूरक ठरल्या.

पहिली गोष्ट गिटारची. 'वुल्फहार्ट'पर्यंत बँडमध्ये दोन गिटारवादक होते. ते दोघेही गेले आणि त्यांच्या जागी रिकार्दो आमोरिम एकटा आला. ब्लॅक मेटलमध्ये दोन गिटारींची अखंड, घुमणारी भिंत हा पाया असतो. एकच गिटार उरल्यावर ती भिंत मैफलीत उभी करणे कठीण होते, आणि आमोरिमची आवडही सुट्या, सुरेल तुकड्यांची होती. रिकामी झालेली जागा कोणीतरी भरणे भाग होते.

ती पेद्रो पायशांव याच्या कीबोर्डने भरली, आणि ही दुसरी गोष्ट. ब्लॅक मेटलमधील कीबोर्ड बहुधा तंबोऱ्यासारखा मागे राहून वातावरण धरून ठेवतो. 'इररिलिजस'मध्ये तो पुढे येऊन धून सांगतो, गिटारला प्रश्न करतो, काही ठिकाणी गाण्याची ओळखच बनतो. 'मेफिस्टो' किंवा 'रेव्हन क्लॉज' यांतून कीबोर्ड वजा केला, तर उरलेले गाणे ओळखू येणार नाही. 'आनो सातानाए'मधून वजा केला असता, तर फारसा फरक पडला नसता.

तिसरी गोष्ट रिबेरोच्या आवाजाची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. किंचाळीत शब्द हरवतात. ब्लॅक मेटलला ते चालते, कारण तिथे आवाज हे एक वाद्यच असते. रिबेरो मात्र लिहिणारा माणूस आहे. त्याने लिस्बन विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि २००१मध्ये त्याचा कवितासंग्रहही प्रसिद्ध झाला. ज्याला आपले शब्द लोकांपर्यंत पोहोचवायचे आहेत, तो केव्हातरी घसा मोकळा करून गाणारच होता. त्याचा नैसर्गिक आवाज खर्जातला असल्यामुळे तो जेथे जाऊन स्थिरावला, तेथे सिस्टर्स ऑफ मर्सी आणि फील्ड्स ऑफ द नेफिलिम हे ब्रिटिश गॉथिक रॉकवाले आणि न्यूयॉर्कचे टाइप ओ निगेटिव्ह आधीच बसलेले होते. टाइप ओ निगेटिव्हचा १९९३चा 'ब्लडी किसेस' त्या सुमारास मेटलच्या जगात सर्वतोमुखी झाला होता, आणि 'इररिलिजस'वर त्याची सावली पडली आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

'ओपियम'मध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. गिटारची छोटी, पुन्हा पुन्हा येणारी ओळ, तिच्याखाली सरळ चालणारा ठेका, कडव्यात खर्ज आणि ध्रुवपदाच्या आसपास जुना गुरगुराट. त्याच गाण्यात रिबेरो पोर्तुगीजमध्ये काही ओळी म्हणतो, त्या पोर्तुगीज कवी फेर्नांदो पेसोआने आल्व्हारो द कांपुश या कल्पित कवीच्या नावाने लिहिलेल्या 'ओपियारिओ' या कवितेतील आहेत. १९१५मध्ये 'ऑर्फेउ' या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात आलेली ही कविता सुएझ कालव्यातून परतणाऱ्या जहाजावर घडते. तिचा नायक पूर्वेला जाऊन हिंदुस्थान आणि चीन पाहून आला आहे आणि त्यात काही राम नव्हता, असे त्याचे मत झाले आहे. अफू त्याला औषध वाटते, कारण आयुष्य जाताना पाहण्याचा त्याला कंटाळा आहे. 'अंडर द मूनस्पेल'च्या लॅटिन मंत्रोच्चारांची जागा दोन वर्षांत या थकलेल्या, उपरोधिक प्रवाशाने घेतली. सैतान गेला आणि कंटाळा आला, असे म्हटले तरी चालेल. आणि कंटाळा हा गॉथिकचा खरा विषय आहे.

जुने काय टिकले, हेही पाहायला हवे. लांडगा आणि चंद्र टिकले: डेमोमध्ये धुक्यातून येणारे लांडगे होते, आणि 'इररिलिजस'चा शेवट 'फुल मून मॅडनेस'ने होतो, जे गाणे आजही बहुतेक मैफलींची सांगता करते. धर्माशी असलेले भांडण टिकले, पण त्याची भाषा बदलली. अल्बमच्या नावात सैतान नाही, फक्त धर्महीनता आहे. आणि गुरगुराट टिकला. रिबेरोने तो कधीही पूर्णपणे सोडला नाही. सर्व गाणे त्याच आवाजात म्हणण्याऐवजी तो हवा तिथेच काढू लागला, त्यामुळे त्याचा धाक उलट वाढला.

श्रेय कोणाचे

सोपे स्पष्टीकरण असे की, सेंच्युरी मीडियाला विकला जाणारा माल हवा होता, सोरिख्ताने तो घडवून दिला आणि बँडने मान तुकवली. ब्लॅक मेटलच्या कट्टर श्रोत्यांना हेच पटते. हे स्पष्टीकरण तपासण्याची संधी योगायोगाने उपलब्ध आहे. 'इररिलिजस' आला त्याच वर्षी, त्याच कंपनीसाठी, त्याच स्टुडिओत, त्याच निर्मात्याने समाएलचा 'पॅसेज' पूर्ण केला. समाएलही ब्लॅक मेटलमधून आलेले होते. त्यांनी ड्रमच बाजूला ठेवून यंत्रावर ठेके रचले आणि त्यांचा अल्बम थंड, औद्योगिक, जवळजवळ अंतराळात घडणारा झाला. त्यात विरह नाही, प्रणय नाही, व्हॅम्पायर तर नाहीच. स्टुडिओ आणि कंपनी यांनी दार उघडले हे खरे, परंतु दारातून बाहेर पडल्यावर कोणत्या दिशेला वळायचे, हे प्रत्येक बँडने आपापल्या सामग्रीवरून ठरवले. रॉटिंग क्राइस्टनेही १९९७चा 'अ डेड पोएम' वुडहाउसमध्येच केला, गॉथिक वळण घेतले आणि काही वर्षांनी ते जडपणाकडे परतले.

मूनस्पेलच्या बाबतीत सामग्री कोणती होती, हे वर आले आहे: शोकाची ओढ असलेला देश, एक गिटार, पुढे येऊ पाहणारा कीबोर्ड आणि शब्द ऐकू यावेत अशी इच्छा असलेला गायक. यांतील एकही गोष्ट जर्मनीत तयार झालेली नाही.

गॉथिकच्याही पलीकडे, आणि परत

१९९७मध्ये आरेस बँडमधून बाहेर पडला आणि त्याच्या जागी सर्जिओ क्रेस्ताना आला. त्याच वर्षीच्या एका छोट्या संग्रहात बँडने डिपेश मोड या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक पॉप बँडचे 'सेक्रेड' गाऊन पुढची दिशा सूचित केली. १९९८चा 'सिन/पेकादो' इलेक्ट्रॉनिक ध्वनींनी भरलेला, संथ, पुष्कळसा रॉककडे झुकलेला होता. १९९९चा 'द बटरफ्लाय इफेक्ट' लंडनमध्ये अँडी रायली या निर्मात्याबरोबर केलेला आणि यंत्रांच्या खरखरीने व्यापलेला होता. दोन्ही अल्बम धाडसी आहेत. दोन्हींत मधूनमधून असे वाटते की, बँडला काय करायचे नाही हे ठाऊक आहे, काय करायचे आहे ते नाही.

याच १९९८मध्ये मूनस्पेलच्याच सदस्यांनी 'डेमोनार्क' या नावाने 'हर्मेटिकम' हा ब्लॅक मेटल अल्बम काढला, आणि त्यातील शब्द रिबेरोने किशोरवयात लिहिलेले होते. ही घटना या प्रकरणातील सर्वांत बोलकी आहे. मुख्य बँड ब्लॅक मेटलपासून सर्वांत दूर होता त्याच वर्षी तीच माणसे वेगळ्या नावाखाली मूळ पदावर आली. ब्लॅक मेटल नकोसे झाले म्हणून सोडले, असा अर्थ मग लावता येत नाही. त्या संगीताला मूनस्पेल या नावाखाली जागा उरली नव्हती, एवढेच.

२००१चा 'डार्कनेस अँड होप' हिली हिलेस्मा या फिनिश निर्मात्याबरोबर झाला. एचआयएम या बँडच्या पदार्पणाच्या अल्बममुळे हिलेस्माचे नाव झाले होते. येथे प्रयोगांची पीछेहाट झाली आणि 'इररिलिजस'चे गॉथिक पुन्हा मध्यभागी आले, फरक इतकाच की त्याला आता घाई नव्हती. त्याच अल्बमवर त्यांनी माद्रेदेउश या पोर्तुगीज गटाचे 'ऊश सेन्योरेश दा गेर्रा' हे गाणे घेतले. मेटलशी काहीही संबंध नसलेले, फादू या पोर्तुगीज विरहगीतांच्या अंगाने जाणारे ते गाणे त्यांच्या हाती परके वाटत नाही.

त्यानंतरच्या हालचाली थोडक्यात सांगता येतील. २००६च्या 'मेमोरियल'साठी सोरिख्ता परत आला आणि जडपणाही; त्याच वर्षी बँडला एमटीव्ही युरोपचा सर्वोत्तम पोर्तुगीज कलाकार हा पुरस्कार मिळाला. २००७मध्ये 'अंडर सातानाए' या नावाने त्यांनी १९९२ ते १९९४ची सर्व सामग्री नव्याने ध्वनिमुद्रित केली. तीच गाणी चांगल्या ध्वनीत, तिशीतल्या माणसांच्या हातून ऐकताना पहिल्यांदा नीट कळते की, त्यांत किती धुना दडलेल्या होत्या. पुढच्या गॉथिकचे बरेचसे स्वर तेथेच होते, कॅसेटच्या खरखरीखाली पुरलेले. २०१२मध्ये तर बँडने दोन तबकड्या एकत्र काढल्या: 'आल्फा नॉयर' ही वेगवान आणि रागीट, 'ओमेगा व्हाइट' ही संथ आणि गॉथिक. 'वुल्फहार्ट'मध्ये एकाच गाण्यात भांडणारे दोन स्वभाव सतरा वर्षांनी स्वतंत्र खोल्यांत राहू लागले. माझ्या मते दोन्ही तबकड्या त्यामुळे थोड्या कमकुवत झाल्या आहेत, कारण या बँडची ताकद त्या भांडणातच होती.

२०१७चा '१७५५' हा अल्बम संपूर्णपणे पोर्तुगीजमध्ये असून, १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन उद्ध्वस्त करणाऱ्या भूकंपावर तो रचलेला आहे. तो दिवस सर्व संतांच्या सणाचा होता आणि चर्च भाविकांनी भरलेली होती. देवाने आपल्याच भक्तांवर छत का पाडले, हा प्रश्न त्या काळी साऱ्या युरोपातील विचारवंतांना पडला होता. कंठरवाने ओरडणारे समूहस्वर, ऑर्केस्ट्राची झेप, गुरगुराट जवळजवळ सर्वत्र, आणि 'इन ट्रेमोर देई'मध्ये फादू गायक पाउलो ब्रागांसाचा आवाज, असा त्याचा घाट आहे. ब्लॅक मेटलच्या मुलांनी १९९२मध्ये देवाशी जे भांडण उसन्या शब्दांत सुरू केले होते, त्यासाठी त्यांना आपल्याच शहरातील, तारखेसह नोंदलेला दाखला मिळाला. १९९४मध्ये लुसितानियाला रडायला सांगणाऱ्या बँडने तो पंचवीस वर्षांच्या आत, त्याच भाषेत, आणि या वेळी टोपणनावांशिवाय मांडला.